दोनशे एक्क्याण्णव गुण

गुळाच्या बाजाराचं एक गाव होतं, माळेगव्हाण नावाचं. त्या गावात इंदुमती नावाची एक मुलगी राहत होती. गावात सर्वांत हुशार कोण, असं कोणालाही विचारलं तरी तिचंच नाव निघे. आणि तरीही तिला सुखाची झोप लागत नसे.

गावच्या शाळेत नरहरी गुरुजी नऊ विषय शिकवत. पाठांतर, सुलेखन, कथाकथन, पंचांग, झाडपाल्याची ओळख, हिशेब, मातीपरीक्षा, उतारमापन आणि कालवागणित. प्रत्येकाने वर्षाला तीन विषय निवडायचे आणि कार्तिकात शंभर-शंभर गुणांची परीक्षा द्यायची, असा नियम होता.

गावाची एक रीत होती. देवळासमोर अकरा थरांची दगडी दीपमाळ होती. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी तिच्यावर शाळेतल्या मुलांचे दिवे लावत. ज्याच्या तिन्ही विषयांची बेरीज सर्वांत मोठी, त्याचा दिवा सर्वांत वरच्या थरावर. मग उतरत्या क्रमाने बाकीच्यांचे. सारा गाव माना वर करून बघे आणि कोणाचा दिवा कुठे आहे ते वर्षभर लक्षात ठेवी. सोयरिकी जुळवतानासुद्धा थर विचारत.

गुरुजींना ही रीत फारशी आवडत नसे. ते म्हणत, “बेरजेत विषय दिसत नाही.” पण रीत गुरुजींच्या आधीची होती, आणि दिवे सुंदर दिसत. त्यामुळे त्यांचं कोणी ऐकलं नाही.

इंदुमती ही धोंडशेट गूळवाल्यांची एकुलती एक लेक. तिचा दिवा पहिल्या वर्षापासून वरच्या थरावर. फक्त एकदाच, ती अकरा वर्षांची असताना, तो खाली आला होता. त्या वर्षी तिने हौसेने उतारमापन घेतलं होतं. पाणी कुठून कुठे जाईल, चर किती खोल खणला म्हणजे ते थांबणार नाही, हे शिकवणारा तो विषय. पाणी भरलेली लाकडी पाणसळ जमिनीवर ठेवायची, पातळी बघायची, खुणा करायच्या. इंदूला ते फार आवडलं. दोन महिने ती परसात चर खणत होती. आई ओरडे, “पोरी, केळी उपटशील!” तरी ती ऐकत नसे.

परीक्षेच्या दिवशी तिच्या चरातलं पाणी निम्म्या वाटेवर गेलं, क्षणभर थांबलं आणि मागे फिरलं. मुलं हसली. गुरुजींनी अठ्ठावन्न गुण दिले आणि म्हणाले, “एका बोटाची चूक आहे. पुढच्या वर्षी सुधारेल.”

त्या त्रिपुरीला इंदूचा दिवा वरून चौथ्या थरावर लागला. धोंडशेट घरी आले. पागोटं खुंटीला अडकवताना म्हणाले, “चौथा थर. बाजारात तोंड कसं दाखवू?” इंदू तोंड फिरवून झोपली. दुसऱ्या दिवशी तिने पाणसळ शाळेत परत नेऊन दिली. पुढच्या वर्षी तिने पाठांतर, सुलेखन आणि कथाकथन घेतलं. तिन्ही तिला सहाव्या वर्षापासूनच येत होते. दिवा परत वर गेला. मग तिने दरवर्षी तेच तीन घेतले. गुरुजी दरवर्षी नवे श्लोक, अक्षराचं नवं वळण, नव्या गोष्टी देत. तिला त्यात कष्ट असे पडतच नसत.

तिने परत केलेली पाणसळ ज्या मुलीच्या हाती गेली, तिचं नाव तुळसा.

तुळसा बुरूड आळीतली. तिचे वडील रामा बुरूड बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणत. तिने पहिल्यापासून अवघड विषय धरले, मातीपरीक्षा, उतारमापन आणि मोठी झाल्यावर कालवागणित. तिचा दिवा कधी सहाव्या थरावर असे, कधी सातव्या. एका वर्षी तर आठव्या. ती स्वतः बोट दाखवून मैत्रिणींना सांगे, “तो बघा, वारा लागू नये म्हणून माझा दिवा खाली ठेवलाय.”

आता बघा. ज्याचा दिवा अकरा थरांच्या वर, त्याने आठव्या थराकडे बघून जळायचं काही कारण आहे का? पण इंदू जळत होती. हेवा काही खालूनच वर चढतो असं नाही. वरूनही तो ठिबकतो.

तिने सुलेखनाची वही दाखवली की गुरुजी पानं उलटत, “छान, छान,” म्हणत, अठ्ठ्याण्णव लिहीत आणि उठत. तेवढ्या वेळात चूलही पेटत नाही. तुळसाच्या चुकलेल्या गणितापाशी मात्र ते दोन-दोन घटका बसत. वाळूत रेघा ओढत, पुसत, पुन्हा ओढत. भाकरी गार होई. एकदा तर दोघं तावातावाने भांडलीसुद्धा. “गुरुजी, तुमचंच चुकलंय!” तुळसा म्हणाली, आणि गुरुजींनी पुन्हा मोजून पाहिलं, तर त्यांचंच चुकलं होतं. ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

इंदू खांबाआडून हे बघत होती. आपल्या नव्याण्णव गुणांवर गुरुजी असे कधी हसले नव्हते.

पुढे पुढे तर गावातली माणसंही बुरूड आळीकडे वळू लागली. “तुळसे, आमच्या वाफ्यात पाणी तुंबतंय, जरा बघतेस का?” तुळसा पाणसळ काखेत मारून जाई. इंदूला लग्नामुंजीत मंगलाष्टकं म्हणायला बोलावत. तिथे मान होता, पानसुपारी होती. पण तुंबलेलं पाणी वाहतं झाल्यावर शेतकऱ्याच्या तोंडावर जे उमटे, ते मंगलाष्टकं ऐकणाऱ्यांच्या तोंडावर इंदूला दिसलं नाही.

हळूहळू तिची अशी गत झाली की तुळसाचे गुण तिला स्वतःच्या गुणांपेक्षा जास्त पाठ झाले. चौदाव्या वर्षी तुळसाला मातीपरीक्षेत किती? एकाहत्तर. त्या आधीच्या वर्षी? त्रेसष्ट. आठ वाढले, हे लक्षात आलं त्या दिवशी इंदूला पुरणपोळी गोड लागली नाही.

राजधानीत एक जलशाळा होती. तो सारा मुलूख कोरडा. विहिरी चैतातच तळ गाठत. म्हणून राजाने ही शाळा काढली होती. तिथे विहिरी, बंधारे, कालवे बांधणारी माणसं तयार होत. सबंध राज्यातून वर्षाला फक्त पाच जणांना तिथे घेत. सोळावं वर्ष लागलं की जाता येई. इंदूला लहानपणापासून तिथे जायचं होतं. परसात चर खणत होती तेव्हापासूनच. ती इच्छा तिने कधी सोडली नाही. फक्त तिच्याकडे जाणारी वाट सोडली, आणि ते तिच्या ध्यानात आलं नाही.

शेवटच्या वर्षाचे विषय निवडायच्या दिवशी गुरुजींनी तिला थांबवून घेतलं.

“इंदू, जलशाळेचं मनात आहे ना तुझ्या?”

“हो गुरुजी.”

“मग या वर्षी तरी उतारमापन घे. सत्तर पडले तरी चालतील. तिथे किती पडले ते नंतर बघतात. कशात पडले ते आधी विचारतात.”

इंदूने मान खाली घातली. तिच्या मनात आलं, हे तुळसासाठी बोलतायत. मी खाली आले म्हणजे तिचा दिवा वर जाईल. लाडकी आहे ना ती यांची! हेव्याची हीच खोड असते. आपल्या भल्याचं कोणी सांगितलं तरी त्यात त्याला दुसऱ्याचं भलं दिसतं.

“पाठांतर, सुलेखन, कथाकथन,” ती म्हणाली.

गुरुजींनी लिहून घेतलं. “जे येतं तेच पुन्हा शिकतेस, पोरी,” एवढंच ते म्हणाले. पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. विषय ज्याचा त्याने निवडायचा, हाही नियमच होता.

श्रावणात सहामाही परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी तुळसा नदीवर इंदूला शोधत आली. डोळे सुजलेले होते.

“इंदू, कालवागणितात चोपन्न पडले गं.”

“अरेरे,” इंदू म्हणाली. तिला आतून गुदगुल्या झाल्या.

“वळणावर पाणी किती मंदावतं, तेच मला धरता येत नाही. काल रागाने पाटी फेकून दिली. मी ठरवलंय, सोडते हा विषय. गुरुजी अजून बदलू देतील. कथाकथन घेते. आप्पा म्हणतात, जलशाळेत गुण लागतात, चोपन्न घेऊन गेलीस तर दारातूनच हाकलतील. तू सगळ्यांत हुशार. तू सांग, सोडू ना?”

इंदूच्या डोक्यात भराभर बेरीज झाली. तुळसा गोष्टी सांगू लागली की आळीतली म्हातारी माणसंसुद्धा काम टाकून ऐकत. कथाकथनात तिला पंचाण्णव कुठे गेले नाहीत. म्हणजे बेरीज अडीचशेच्या पुढे. दिवा तिसऱ्या थरावर. आणि कथाकथनात आपल्याला चौऱ्याण्णव पडले तर? त्या विषयात पहिली तुळसा!

“छे, छे! मुळीच सोडू नकोस,” इंदू म्हणाली. “बुरडाची पोर ना तू? तुझे आप्पा अर्धी विणलेली टोपली टाकून उठतात का कधी?”

तुळसा बघतच राहिली. “खरंच असं वाटतं तुला?”

“अगदी मनापासून. जे येत नाही तेच शिकायचं असतं. जे येतं ते शिकून काय करायचं?”

तुळसाने तिला कडकडून मिठी मारली. “बाकी सगळ्यांनी सोड म्हणून सांगितलं. तू एकटीच निघालीस गं माझी खरी मैत्रीण!” आणि डोळे पुसत ती पळाली.

इंदू घरी आली. त्या दिवशी तिला भूक चांगली लागली. आईने विचारलं, “आज काय झालं गं?” ती म्हणाली, “काही नाही. वाढ आणखी एक.”

कार्तिकात निकाल लागला. इंदू : पाठांतर नव्याण्णव, सुलेखन अठ्ठ्याण्णव, कथाकथन चौऱ्याण्णव. बेरीज दोनशे एक्क्याण्णव. तुळसा : उतारमापन एक्क्याऐंशी, मातीपरीक्षा एकोणऐंशी, कालवागणित अडुसष्ट. बेरीज दोनशे अठ्ठावीस. इंदूचा दिवा वरच्या थरावर लागला, तुळसाचा सातव्या. धोंडशेटांनी गावभर गूळ वाटला.

माघात दोघी राजधानीला गेल्या. इंदू आणि धोंडशेट बैलगाडीने, तुळसा आणि रामा बुरूड पायी. जलशाळेच्या चौकात सव्वाशेवर मुलं-मुली जमली होती. मधोमध एक म्हातारी बाई बसली होती. केस पांढरे, हात कामकऱ्यासारखे राठ. त्या जलशाळेच्या प्रमुख. सगळे त्यांना काशीआई म्हणत. राज्यातले निम्मे बंधारे त्यांनी बांधले होते.

प्रत्येक शाळेने दोन कागद धाडायचे असा तिथला नियम होता. एका कागदावर शाळेत काय काय शिकवतात ते. दुसऱ्यावर या मुलाने त्यातलं काय घेतलं आणि किती गुण मिळवले ते. काशीआई दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवत आणि मगच वर बघत.

पहिला एका सावकाराचा मुलगा आला. त्याच्या शाळेत बारा विषय होते. त्याने बाराही घेतले होते आणि एकातही चाळीसच्या वर गेला नव्हता.

“भूक बघून वाढून घ्यावं, बाळा,” काशीआई म्हणाल्या. “ताट भरलंस खरं, पण जेवलास कुठे?”

मग डोंगरातल्या वस्तीवरचा लखमा आला, दाढी फुटलेला, थोराड गडी. त्याच्या शाळेत दोनच विषय होते, वाचन आणि हिशेब. त्याने दोन्ही घेतले होते. बेरीज एकशे एकोणसाठ.

“दोनच?” काशीआईंनी विचारलं.

“दोनच व्हते, आई. तिसरा असता तर घेतला असता.”

“त्या वस्तीवर पाणी कुठून आणता?”

“कड्याखालच्या झऱ्यावरनं. बांबू फोडून पन्हळ केलीया मी. लई गळती अजून.”

“जेवढं वाढलं होतं तेवढं स्वच्छ खाल्लंस. आणि भूक राहिली ती रानात भागवलीस. जा, त्या बाकावर बस.”

बाकावर बसणं म्हणजे निवड होणं, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. इंदूला आधी हसू आलं. एकशे एकोणसाठवाला बाकावर! मग आपण तर काय, गादीवरच बसणार. पण मग तिला कसंसंच झालं. तिने तुळसाकडे पाहिलं. तुळसा लखम्याला विचारत होती, “पन्हळीला उतार किती दिलायस?”

दिवस कलत आला तेव्हा माळेगव्हाणचं नाव पुकारलं गेलं. एकाच शाळेच्या म्हणून दोघींना एकदमच पुढे बोलावलं. बाकावर तोवर तिघं बसले होते. दोन जागा उरल्या होत्या.

काशीआईंनी इंदूचा कागद घेतला.

“दोनशे एक्क्याण्णव. वा! अक्षरही तुझंच का हे? सुरेख आहे. तुमच्या शाळेत उतारमापन शिकवतात?”

“हो.”

“मातीपरीक्षा?”

“हो.”

“कालवागणित?”

“हो,” इंदू म्हणाली. प्रत्येक ‘हो’ आधीच्यापेक्षा लहान होत गेला.

“आणि पाठांतर तुला कधीपासून येतं?”

“सहाव्या वर्षापासून.”

“मग पुढची दहा वर्षं काय केलंस?”

धोंडशेटांना राहवलं नाही. ते पुढे झाले. “आई, रागावू नका. पण दोनशे एक्क्याण्णव आहेत! एवढे इथे दुसऱ्या कोणाला नाहीत.”

“तुम्ही काय करता, शेट?”

“गुळाचा धंदा.”

“ढेप घेताना आकार बघता की गोडी?”

धोंडशेट धंद्याला खरे होते. “दोन्ही बघतो. पण आधी चाखून बघतो.”

“आम्हीही दोन्ही बघतो. पण आधी चाखतो.”

धोंडशेट मागे सरले. काशीआईंनी तुळसाचा कागद घेतला. “कालवागणित अडुसष्ट. बाकीचे कुठे गेले?”

“वळणावर गेले, आई,” तुळसा म्हणाली. “वळणावर पाणी मंदावतं आणि गाळ टाकतं. किती टाकतं ते मला आता थोडं थोडं कळतं. सगळं नाही कळत.”

“ते मलाही सगळं कळत नाही. सोडावंसं नाही वाटलं?”

“वाटलं ना! सोडलंच होतं की. श्रावणात चोपन्न पडले तेव्हा.” आणि तुळसाने इंदूचा हात धरला. “हिने सोडू दिलं नाही. सगळा गाव सोड म्हणत होता. ही म्हणाली, जे येत नाही तेच शिकायचं असतं. माझी मैत्रीण आहे ही. ही नसती तर मी इथे आलेच नसते.”

चौकात कुजबुज झाली. धोंडशेटांची मान ताठ झाली. काशीआईंनी इंदूकडे नव्याने पाहिलं, मघापेक्षा निराळ्या नजरेने.

“तुळसा, तू बाकावर बस,” त्या म्हणाल्या. मग हळूच, “आता एक जागा उरली. तू विषय सोपे घेतलेस हे खरं. पण दुसऱ्याला खरी वाट दाखवणारं माणूसही शाळेला लागतं. इंदुमती, तू हे तिला सांगितलंस?”

“सांगितलं,” इंदू म्हणाली. ते खोटं नव्हतं.

“का सांगितलंस?”

एवढं सोपं होतं. ‘तिचं भलं व्हावं म्हणून.’ चार शब्द. पाठांतरात नव्याण्णव मिळवणाऱ्या मुलीला चार शब्द काय जड? जागा समोर होती. वडील डोळ्यांनी ‘बोल, बोल’ म्हणत होते. आणि ती जागा तुळसाच्या शेजारीच होती, वर नाही, खालीही नाही.

पण तुळसाचा हात अजून तिच्या हातात होता. बाकाकडे जायचं सोडून ती तिथेच उभी होती, आपल्या मैत्रिणीचं कौतुक ऐकायला. तिच्या तोंडावर एवढा आनंद होता की इंदूला तो बघवेना. आजवर तुळसाचं सुख तिला बघवत नसे ते हेव्याने. आज बघवत नव्हतं ते लाजेने. इंदूने हात सोडवून घेतला.

“तिचे गुण कमी पडावेत म्हणून सांगितलं,” ती म्हणाली. “ती कथाकथनात माझ्यापुढे गेली असती. तिचा दिवा खालीच राहावा म्हणून मी तिला अवघड विषयात अडकवून ठेवलं. मला वाटलं, ती बुडेल.”

धोंडशेटांनी कपाळाला हात लावला. तुळसाचा हात तसाच हवेत राहिला.

काशीआईंनी तिच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “सल्ला उत्तम होता, मुली. एकच चुकलं. तो तू स्वतःला दिला नाहीस.”

पाचवी जागा किनाऱ्याकडून आलेल्या एका कोळ्याच्या मुलीला मिळाली. काशीआईंनी इंदूला जाताना थांबवलं. “पुढच्या माघात ये. साठ गुण घेऊन आलीस तरी चालेल. पण उरलेले चाळीस कुठे गेले, ते मला या तुळसासारखं सांगता आलं पाहिजे.”

दाराबाहेर धोंडशेट गाडी जुंपत होते. तुळसा मागून आली.

“त्या दिवशी नदीवरून घरी गेले,” तुळसा म्हणाली, “आणि आप्पांना सांगितलं, इंदू माझी मैत्रीण आहे. आता त्यांना काय सांगू?”

इंदू खाली बघत म्हणाली, “सांग, तेव्हा नव्हती.”

तुळसाने थोडा विचार केला. “बरं, तसंच सांगते,” ती म्हणाली आणि आत गेली. ती हसली नाही, पण रागावूनही गेली नाही.

गाडी निघाली. पहिले तीन कोस इंदू बोलणी बसण्याची वाट बघत होती. तोंडघशी पाडलंस, बाजारात काय सांगू, असं काहीतरी. घाट लागला. बैलांना आवरण्यासाठी धोंडशेटांनी कासरे ओढले आणि एकदम विचारलं,

“हे उतारमापन म्हणजे नेमकं काय असतं गं?”

इंदूने दचकून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला थर विचारला होता, बेरीज विचारली होती. विषय कधीच विचारला नव्हता.

तिने सांगायला सुरुवात केली. पाणी सपाटीवर का थांबतं, फार उतारावर माती कशी कापत जातं, दोन्हींच्या मधली जागा कशी शोधायची. बोलता बोलता ती अडली. धोंडशेटांनी विचारलं, “आणि मध्ये खडक लागला तर?” तिला येईना. “हे मला माहीत नाही, आबा. गुरुजींना विचारलं पाहिजे.” पुढे आणखी एका ठिकाणी अडली. तेही तिने मनात टिपून ठेवलं. सूर्य मावळला तरी दोघांचं बोलणं चाललंच होतं.

गाव जवळ आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की गेल्या दोन कोसांत तुळसा तिला आठवलीच नव्हती. मग ती आठवली. जलशाळेच्या ओवरीत आता ती लखम्याशी पन्हळीच्या गोष्टी करत बसली असेल. इंदूच्या पोटात दुखलं. पण पूर्वीपेक्षा कमी. आणि उद्या सकाळी गुरुजींना विचारायचे दोन प्रश्न तिने पुन्हा एकदा मनात घोळवले.

तात्पर्य: दुसऱ्यापेक्षा उंच दिसावं म्हणून जो आपल्याला आधीच येणारं पुन्हा पुन्हा निवडतो, तो सगळ्यांच्या वर असूनही आपल्याच जागी अडकून राहतो, म्हणून किती मिळाले हे मोजण्याआधी कशात मिळाले हे स्वतःला विचारावं, आणि झेपेल तेवढं अवघड हाती घ्यावं.